हाली, कलदार आणि ट्रॅक्टरची नोट

आज मी जुन्या नोटांबद्दल बोलणार आहे. विषय मला आमच्याच एका गटातल्या ताईमुळे सुचला. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. पण तिनेच मला म्हटलं, "मॅडम, रेडिओवर सांगा, म्हणजे दुसरी कुणी फसणार नाही."

झालं असं. ताईच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट असेल तर तिचे अकरा लाख मिळतील, असं त्यात लिहिलं होतं. ताईच्या सासूबाईंच्या पेटीत तशा चार नोटा होत्या. तिने दिलेल्या नंबरवर फोटो पाठवला. पाचच मिनिटांत फोन आला. पलीकडचा माणूस "ताई, ताई" करून गोड बोलत होता. आधी नोंदणीचे म्हणून १,१५० रुपये मागितले. मग जीएसटीचे ४,५००. मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र काढायचं म्हणून ९,०००. रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागदही पाठवला. ताईने गटातून म्हशीच्या नावाने दहा हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं आणि भरले. त्यानंतर तो नंबर बंद. तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. दोन हप्ते थकले, मी घरी गेले, तेव्हा चुलीपुढे बसून तिने हे सगळं सांगितलं.

मी बीएला इतिहास घेतला होता. त्या रात्री मला सारखं वाटत होतं की, या नोटेचा इतिहास तिला कुणी दहा मिनिटं सांगितला असता तर तिचे १४,६५० रुपये वाचले असते. म्हणून आज तोच सांगते. आणि या जुन्या नोटांचा खरा धंदाही असतो, छोटा असतो, पण असतो. त्याचीही माहिती देते.

आपल्याला वाटतं नोट ही कायमचीच आहे. पण आपल्या पणजीच्या आजीने बहुधा नोट पाहिलीही नसेल. तेव्हा पैसा म्हणजे धातू. चांदीचा रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा, तो खणखणीत आला की घ्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्ता, मुंबई, मद्रास इथल्या मोठ्या बँका आपापल्या नोटा काढत होत्या. मुंबईची बँक ऑफ बॉम्बे १८४० सालची. पण त्या नोटा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांपुरत्या फिरत. १८६१ साली इंग्रज सरकारने कागदी चलनाचा कायदा केला आणि नोट काढण्याचा हक्क फक्त सरकारकडे घेतला. पहिल्या सरकारी नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. त्या इंग्लंडात छापून येत, आणि छपाई एकाच बाजूला असे. मागची बाजू कोरी. काही वर्षांतच खोट्या नोटा निघाल्या, म्हणून १८६७ साली नोटांचं रूप बदलावं लागलं. म्हणजे नोट आली आणि तिच्या मागोमाग फसवणूकही आली.

त्या काळची एक गोष्ट मला फार आवडते. नोटांचे विभाग ठरलेले होते. मुंबई विभागाची नोट कलकत्त्याला नेली तर तिथलं सरकारी कार्यालय तिचे पैसे द्यायला बांधील नव्हतं. पाच रुपयांची नोट १९०३ साली बहुतेक देशभर चालू लागली, दहाची आणि पन्नासची १९१० साली, शंभराची १९११ साली. आणि टपालाने नोट पाठवायची तर चोरीची भीती. मग व्यापारी काय करत? नोट मधोमध कापत. एक अर्धं आधी पाठवत. ते पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरं अर्धं. पोचल्यावर दोन्ही तुकडे चिकटवायचे, की झाली नोट. अशी चिकटवलेली जुनी नोट आज कुणाच्या वहीत सापडली तर ती फाटकी म्हणून चुलीत घालू नका. ती जोडच तिची ओळख आहे.

एक रुपयाची नोट कधी आली? ३० नोव्हेंबर १९१७ ला. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदी महाग झाली होती, लोक चांदीचे रुपये घरात दडवत होते. सरकारला रुपये पाडायला चांदी पुरेना, म्हणून कागदाचा रुपया आला. त्यावर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलं होतं. या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुडक्यात मिळत. मागोमाग जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट निघाली. हो, अडीच. दोन रुपये आठ आणे. एक रुपयाची आणि अडीचची, दोन्ही १९२६ साली बंद झाल्या. एक रुपयाची १९४० साली दुसऱ्या महायुद्धात परत आली. अडीचची मात्र पुन्हा कधीच आली नाही. त्यामुळे ती अडीच रुपयांची नोट संग्राहक हौसेने शोधतात. याच काळात, जुलै १९१८ मध्ये, लंडनहून मुंबईला निघालेलं शिराळा नावाचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यात हिंदुस्थानसाठी छापलेल्या नोटा होत्या. काही नोटा वाहत किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ साली लंडनमध्ये लिलावाला आल्या होत्या. शंभर वर्षांहून जुना, समुद्रात भिजलेला कागद, आणि त्याला घेणारे लोक आहेत! तसा कागद दुसरा नाही, म्हणून.

आपल्या महाराष्ट्राचा या गोष्टीत मोठा वाटा आहे. नोटा इंग्लंडातून छापून आणण्यापेक्षा इथेच छापाव्यात म्हणून नाशिकला छापखाना उभा राहिला आणि १९२८ साली नाशिकच्या नोटा निघू लागल्या. आजही नाशिकरोडला नोटा छापतात. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःचा छापखाना नव्हता. मग नाशिकच्याच नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे १९४८ साली चालवल्या गेल्या.

रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये आली. सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेली. या राजाच्या नोटा हातात आल्या तर आधी सही बघा. काहींवर टेलर साहेबांची सही असते आणि काहींवर चिंतामणराव देशमुखांची. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झाले. जन्म रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. राजा इंग्लंडचा आणि सही मराठी माणसाची, अशी ती नोट. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई देशमुख संविधान सभेत होत्या, आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. आपण बचत गटवाल्या बायकांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. नोटेवर दुर्गाबाईंची सही नाही, पण माझ्या मनात ते दोघं बरोबरच येतात.

आता आपल्या मराठवाड्याकडे येते. इथे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, आणि निजामाचं चलन वेगळं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील, एक 'हाली' आणि एक 'कलदार'. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. कलदार वजनदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. लग्नात मुलीचा बाप विचारायचा, "हुंड्याचे रुपये हाली की कलदार?" त्या एका शब्दावर एखादं शेत गहाण पडायचं. निजाम सरकारने १९१८ साली कागदी नोटाही काढल्या. त्यांच्यावर मुख्य मजकूर उर्दूत, पण किंमत मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही लिहिलेली. भारत सरकारच्या आजच्या नोटेवर मागे भाषांचा उभा पट्टा असतो, त्यात आपल्या मराठीतही किंमत लिहिलेली असते, ते आपल्याला नवं वाटत नाही. पण निजामाच्या नोटेवर मराठी अक्षरं पाहिली तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. गोव्याचंही तसंच. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या नोटा चालत. कोकणातल्या मैत्रिणींना माहेरच्या पेटीत अशी एखादी सापडू शकते.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगते. १९४९ साली राजाचं चित्र गेलं आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. १९५३ पासून हिंदी ठळक झाली, आणि 'दो रुपया' लिहायचं की 'दो रुपये' यावर चर्चा होऊन 'रुपये' ठरलं. म्हणजे ज्या जुन्या दोनच्या नोटेवर 'रुपया' आहे ती त्याआधीची. १९५४ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या. पाच हजाराच्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया होतं. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला खास नोटा निघाल्या, त्यावर बसलेले गांधीजी आणि मागे वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम. हज यात्रेला जाणाऱ्यांसाठी दहाच्या आणि शंभराच्या वेगळ्या नोटा छापल्या होत्या, नंबराआधी 'एचए' अक्षरं असलेल्या. आखाती देशांसाठीही १९५९ साली वेगळ्या छापल्या, त्यांच्या नंबराआधी 'झेड'. या सगळ्या कमी छापल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक परत जाऊन नष्ट झाल्या. उरल्या त्यांना किंमत आहे.

इथे ट्रॅक्टरच्या नोटेवर येऊ. ती नोट सत्तरच्या दशकात आली आणि वर्षानुवर्षं, ढिगाने छापली गेली. आपण सगळ्यांनी ती बाजारात खर्चली आहे. जी गोष्ट घरोघर आहे तिला अकरा लाख कोण देईल? वापरलेल्या, मऊ पडलेल्या ट्रॅक्टरच्या नोटेचे नोटांचा व्यापारी पाचाच्या वर थोडेफार देईल, नाहीतर तेही नाही. ती अजून चलनात आहे, म्हणजे दुकानदाराने घ्यायला हवी, एवढीच तिची हमी. नंबरात ७८६ असलेल्या नोटेचंही असंच. काही लोक शुभ म्हणून जास्त देतात, खरं आहे, पण ती हौस आहे. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागितलेली किंमत असते. मिळालेली किंमत वेगळी. बैलबाजारात मालक बैलाचे दीड लाख सांगतो, म्हणून तेवढ्याला विकला जातो का?

आणि रिझर्व्ह बँक जुन्या नोटा विकत घेत नाही, विकत नाही, त्यासाठी कसलं प्रमाणपत्र देत नाही, कसला कर मागत नाही. तिच्या नावाने लोक पैसे उकळतात म्हणून तिने ऑगस्ट २०२१ मध्ये तसं जाहीरही केलं. ज्याला तुमची वस्तू घ्यायची आहे तो तुम्हाला पैसे देतो. तो तुमच्याकडे मागायला लागला की फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. आमच्या ताईने दोन महिन्यांनी केला, तोवर उशीर झाला होता. तक्रार नोंदली, पैसे आलेले नाहीत.

आता नोटबंदीबद्दल. आपल्याकडे ती एकदा नाही, तीनदा झाली. १२ जानेवारी १९४६ ला पाचशे, हजार आणि दहा हजार, १६ जानेवारी १९७८ ला हजार, पाच हजार आणि दहा हजार, आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजार. पहिल्या दोन वेळी खेड्यातल्या बायकांना काही कळलंही नसेल, त्यांच्याकडे तसली नोट कुठली असणार! तिसरी मात्र आपल्या डाळीच्या डब्यापर्यंत आली. गोधडीत शिवलेले, उतरंडीच्या तळाच्या गाडग्यात ठेवलेले, नवऱ्याला माहीत नसलेले पैसे बायकांना बाहेर काढावे लागले. त्या दिवसांत मी बँकेच्या रांगेत एक आजी पाहिली होती. पदराखालून पाचशेच्या सहा नोटा काढताना तिचा हात थरथरत होता, कारण शेजारी मुलगा उभा होता. काहींच्या नोटा तेव्हा राहूनच गेल्या आणि नंतर सापडल्या. त्या बदलून देतो म्हणणारा माणूस खोटा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तसल्या दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. दंड कमीत कमी दहा हजार. तेव्हा त्या नोटांच्या धंद्यात पडायचं नाही. दोन-चार आठवण म्हणून राहू द्या. दोन हजाराची नोट २०२३ साली मागे घेतली, पण ती रद्द झालेली नाही, ती गोष्ट निराळी.

मग खरा धंदा कसा असतो? आमच्या त्या ताईचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून आम्ही तिघी एका रविवारी तिच्या सासूबाईंची पत्र्याची पेटी घेऊन बसलो. ट्रॅक्टरच्या नोटा बाजूला ठेवल्या. खाली एक रुपयाच्या तेलविहिरीच्या चित्राच्या नोटा होत्या, मुंबईजवळच्या समुद्रातला सागर सम्राट. तिथे एक गंमत सांगते. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, आणि तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. डॉ. मनमोहन सिंग आधी अर्थसचिव होते, मग गव्हर्नर झाले. म्हणून त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवरही आहे आणि मोठ्या नोटांवरही. संग्रह करणारे लोक अशा सह्यांची जोडी लावतात. आपल्याला फुकट वाटणारी नोट कुणाच्या तरी वहीतली रिकामी जागा भरते, सगळा व्यापार त्या रिकाम्या जागेवर चालतो.

पेटीच्या तळाशी पोथी होती आणि पोथीत घडी घातलेली निजामाची एक रुपयाची नोट. चार घड्या, एक कोपरा गेलेला, वर हळदीकुंकू. सासूबाई म्हणाल्या, ती त्यांच्या सासूने दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ठेवलेली. जिल्ह्याच्या गावी नाणी आणि नोटांचं प्रदर्शन होतं तिथे आम्ही गेलो. पहिल्या टेबलावरचा व्यापारी नोट न उलगडताच म्हणाला, दीडशे. तिसऱ्या टेबलावरच्याने भिंगातून पाहिली, सही पाहिली, नऊशे सांगितले, आणि म्हणाला, हळद आणि घड्या नसत्या तर बऱ्याच पटीने दिले असते. एकच नोट, एकच दिवस, वीस पावलांचं अंतर. म्हणून तीन ठिकाणी विचारल्याशिवाय विकू नका.

नोटेची किंमत सगळ्यात जास्त तिच्या अंगावर ठरते. कोरी, करकरीत, घडी नसलेली नोट असेल तर भाव. ती धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही, प्लास्टिकमध्ये गरम करून बंद तर मुळीच करायची नाही. बायका प्रेमाने हे सगळं करतात आणि नोट वाया जाते. बँकेच्या जुन्या बंडलांना पिना मारत, २००१ साली ते बंद करायला सांगितलं, त्यामुळे त्याआधीच्या नोटांना पिनेची भोकं असतात, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. नवरदेवाच्या नोटांच्या हारातल्या नोटांचं मात्र काही खरं नसतं. नंबराच्या मधे चांदणी असलेली नोट दिसली तर घाबरू नका, ती खोटी नाही. छापताना खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात ती छापतात, २००६ पासून. काही जण त्याही जमवतात.

आमच्या तिघींनी मग एक वही केली. कोणती नोट, कुणाकडून, कितीला घेतली, कुणाला, कितीला विकली. नोटा येतात कुठून? जुन्या वाड्यांतल्या पेट्या, किराणा दुकानदाराच्या चोपड्या, पोथ्या, रद्दीवाला. एक नियम पहिल्याच दिवशी ठरवला. म्हातारीकडून नोट घेताना ती किती जुनी आहे आणि साधारण कितीला जाईल हे तिला सांगायचं, मगच भाव करायचा. यावरून आमच्यात भांडणही झालं. एकीचं म्हणणं, मग आपल्याला काय उरणार? पण ताई म्हणाली, मला माहीत नव्हतं म्हणूनच मला लुटलं ना, मग आपण तेच करायचं का? नियम राहिला. वर्षभरात गाडीभाडं जाता तिघींना मिळून ४,३०० रुपये उरले. शेळीपालनाच्या मानाने हे काहीच नाही. कुणी यासाठी गटाचं कर्ज मागितलं तर मी समन्वयक म्हणून नाही म्हणेन. हा घरात आहे ते ओळखण्याचा उद्योग आहे, भांडवल घालण्याचा नाही.

बघायला आणि शिकायला दोन जागा सांगते. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला देवदर्शनाला जाणाऱ्यांच्या ते वाटेवरच आहे, तासभर थांबता येईल. प्रभाग संघाची सहल निघाली तर माझं नाव आत्ताच लिहून ठेवा.

ताईचे कर्जाचे सहा हप्ते अजून राहिले आहेत. ती भरते आहे. निजामाची नोट आम्ही त्या दिवशी विकली नाही. ताईची तयारी होती, पण सासूबाईंनी व्यापाऱ्याला विचारलं, "नऊशे म्हणजे हाली का कलदार?" तो हसला, त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते. त्यांनी नोट उचलली, पोथीत ठेवली आणि म्हणाल्या, चला, एसटी चुकेल.